पितृपंधरवड्यातला झेंडू

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमच्या शेतात फूल म्हणजे बांधावरची कण्हेर आणि तुळशीवृंदावनाशेजारची सदाफुली, एवढंच. पुरंदर तालुक्यातली आमची जमीन. वर मुरमाड माळ, त्यावर सीताफळं, आणि विहिरीखाली सव्वा एकर रान. विहीर मार्च सरता सरता तळ दाखवते. त्या सव्वा एकरात वाटाणा, टोमॅटो, घेवडा असं फिरतं पीक. आमचे हे जेजुरीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. शेत मामा, म्हणजे सासरे, बघायचे. धाकटे भाऊजी त्यांच्या हाताखाली.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ह्यांचं काम सुटलं. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या शिवारात बहरातल्या झेंडूवर रोटर फिरताना आम्ही बांधावर उभं राहून बघितला. देवळं बंद, लग्नं बंद, फुलबाजार बंद; फूल घेणार कोण? म्हणून त्या दिवाळीनंतर ह्यांनी “आपण फुलं लावू” म्हटलं, तेव्हा मामांनी नुसतं वर बघितलं आणि तंबाखू मळत राहिले. ह्यांचं म्हणणं असं, की १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी देवळं उघडली तेव्हा जेजुरीत लोक हार मागत होते आणि हारवाल्यांकडं पुरेसं फूल नव्हतं. पुढच्या एप्रिलमध्ये देवळं परत बंद झाली, ती ७ ऑक्टोबरला घटस्थापनेलाच उघडली. “बघितलं?” मामा एवढंच म्हणाले. विषय तिथंच राहिला.

घरात तेव्हा दोन मतं होती. भाऊजींना पॉलिहाऊस, म्हणजे प्लॅस्टिकच्या कागदाचं हरितगृह, हवं होतं. मावळात त्यांचा मित्र जरबेरा आणि डच गुलाब करतो, त्याच्या फोनमधले फोटो बघून त्यांचं डोकं फिरलेलं. मामांनी एकेकाळी सोसायटीचं कर्ज अकरा वर्षं फेडलंय. ते म्हणाले, “उघड्यावर जे यील ते लावा. डोक्यावर कागद नको आणि बँक बी नको.” मला तेव्हा हे जुनाट वाटलं होतं. आता वाटत नाही.

२०२२ साली वीस गुंठ्यांवर झेंडू लावला. उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकेतून ३,६०० रोपं आणली, तीन रुपयाला एक. चार फुटांची सरी, रोपांत दीड फूट. तारीख १ ऑगस्ट. का १ ऑगस्ट, तर त्या दिवशी ट्रॅक्टर मिळाला म्हणून. पंधरा-वीस दिवसांनी शेंडे खुडले. चांगल्या वाढलेल्या झाडाचा शेंडा मोडायला हात होत नव्हता, पण खुडला की बगलेतून फुटवे येतात आणि झाड डेरेदार होतं. पहिला तोडा नेमका घटस्थापनेला आला, २६ सप्टेंबरला. दसरा ५ ऑक्टोबरचा. त्या दहा दिवसांत नऊशे किलो माल पुण्याला गुलटेकडीला गेला आणि शेवटच्या दोन दिवसांत किलोला पासष्ट रुपयांपर्यंत भाव लागला. आम्ही दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घातला तो स्वतःच्या शेतातल्या फुलांचा. मी वहीत लिहून ठेवलं: “झेंडू, लागण १ ऑगस्ट.” त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पुढच्या वर्षी त्या दोन रेघांनीच घात केला.

२०२३ च्या १ ऑगस्टला रोपं घेऊन टेंपो दारात आला. मामा ओट्यावर बसले होते. म्हणाले, “औंदा धोंडा आलाय. दसरा लांब जाईल बघा.” आम्ही ऐकलं, पण ऐकलं नाही. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात आम्ही दोघं धोंड्यासाठी माझ्या माहेरी जाऊन आलो होतो! जावयाला पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारसे झाले, चांदीचं निरांजन मिळालं. अधिक श्रावण चालू आहे हे तोंडाला गोड लागलं, शेताला लागू केलं नाही. अधिक महिना आला की पुढचे सगळे सण त्या वर्षी उशिरा येतात, हे दुसरीतल्या पोराला कळतं. दसरा होता २४ ऑक्टोबरला. मागच्या वर्षीपेक्षा एकोणीस दिवस उशिरा.

झेंडूला हे कुठं ठाऊक? तो पंचावन्न दिवसांनी आला. गणपतीचे शेवटचे तीन दिवस सापडले, तेवढे पैसे झाले. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. रानात नजर ठरत नव्हती इतकं फूल, आणि बाजारात कुणी विचारेना. पंधरवड्यात लग्न नाही, वास्तुशांत नाही, दुकानाचं उद्‌घाटन नाही. एका पट्टीवर, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, अकरा क्रेटचे, टेंपोभाडं आणि हमाली जाऊन, २१२ रुपये उरले होते. ती पट्टी मी अजून वहीत ठेवली आहे.

बरं, न तोडता सोडून द्यावं म्हटलं तर तेही जमत नाही. झाडावर फूल वाळलं की झाड बी धरायला लागतं, नवी कळी कमी येते. दसऱ्याला काही हवं असेल तर आज तोडून टाकलंच पाहिजे. म्हणजे बायांना रोज द्यायचा आणि तोडलेली फुलं बांधावर ओतायची. तीन तोडे आम्ही असे केले. चौथ्याला बाया लावल्या नाहीत. मी, जाऊ आणि आत्या तिघीच वाकलो. आत्या, माझ्या सासूबाई, दिवसभर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्या ढिगाकडं बघून म्हणाल्या, “एवढं फूल कुणाच्या मयताला बी लागत न्हाई गं.” परतीच्या पावसात पानांवर करपा आला. दसऱ्यापर्यंत झाडं थकली, फूल बारीक झालं, आणि दर चांगला असताना आमच्या मालाला निम्मा भाव लागला.

त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा कळलं की आम्ही फुलं विकत नव्हतो, दिवस विकत होतो. आणि तो एक दिवस हुकला की हातात गुरांच्या वैरणीइतकीही किंमत नसलेला माल उरतो. गुरंही झेंडू फारसा खात नाहीत.

देवाच्या फुलांच्या पुडीची सुरुवात मात्र कुणी ठरवून केलेली नाही. सासवडला ह्यांच्या ओळखीच्या एक निवृत्त बाई राहतात. त्यांनी विचारलं, रोज सकाळी देवाला चार फुलं पोचवता का? बाजारात घेतलेली पुडी शिळी असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजलेली असते. पुण्याकडं फुलपुडीची पद्धत जुनीच. पहाटे दाराच्या कडीला पुडी लटकवून जायचं. आधी एक घर, मग त्यांच्याच इमारतीतली मिळून अकरा. पण रोज पुडी द्यायची तर रोज निरनिराळं फूल हवं. नुसत्या झेंडूवर भागत नाही.

म्हणून २०२४ च्या मे महिन्यात दहा गुंठे निशिगंध लावला. आमच्याकडं आणि बाजारात त्याला गुलछडीच म्हणतात. आम्ही सिंगल घेतला, सुट्ट्या फुलांचा. डबल असतो तो काडीसाठी, गुच्छात जाणारा. कंद जवळजवळ चारशे किलो लागले. एकदा लावला की तीन वर्षं तेच पीक. जागा निवडताना मामांनी बोट दाखवलं ते त्याच झेंडूच्या रानाकडं. तिथं पूर्वी टोमॅटोच्या मुळांवर गाठी यायच्या, सूत्रकृमी नावाच्या मातीतल्या बारीक किड्यांच्या. गुलछडीलाही तोच त्रास होतो. झेंडूच्या मुळांतून उतरणाऱ्या द्रव्यानं सूत्रकृमी कमी होतात, हे कृषी खात्याच्या शिबिरात भाऊजींनी ऐकलं होतं. मामांना ते कुणी न सांगता माहीत होतं. “झेंडूनं रान धुतलंय,” ते म्हणाले. २१२ रुपयांच्या त्या पिकाची एवढी तरी कमाई.

ठिबक त्याच उन्हाळ्यात केलं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, सोडतीत नाव, पूर्वसंमती, मग आपल्या खिशातून खर्च आणि नंतर अनुदान. लहान शेतकऱ्याला ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण ते हातात पडेस्तोवर दुकानदाराला आपणच तोंड द्यायचं असतं.

गुलछडी साडेतीन महिन्यांत आली, बरोबर गणपतीच्या तोंडावर. आणि आमच्या घराची झोप गेली. कळी उमलायच्या आत, उन्हं वर यायच्या आत तोडावी लागते. दांड्यावर खालून वर रोज दोन-तीनच कळ्या तयार होतात. पांढरी, टपोरी आणि टोक जरा सुटल्यासारखं दिसणारी तेवढीच घ्यायची. डोक्याला बॅटरी बांधून पहाटे साडेचारला आम्ही रानात. एका किलोत कळ्या किती बसतात म्हणून मी एकदा मोजल्या होत्या: हजाराला थोड्या कमी. तो किलो एका आठवड्यात ३५० ला गेलाय आणि पंधरा दिवसांनी ४० ला. वासाचं म्हणाल, तर पहिले आठ दिवस स्वर्ग. नंतर नाकाला कळतच नाही. पाहुणे आले की ते सांगतात.

एक गोष्ट शहाण्यांनी सांगूनही आम्ही ऐकली नव्हती: गुलछडी थंडीत हात आखडते. डिसेंबर-जानेवारीत पाटीचा तळही झाकत नाही. तेव्हा अष्टर आणि शेवंती. अष्टरचं बी गणेशखिंडच्या संशोधन केंद्रानं काढलेल्या जातींचं, फुले गणेश पिंक आणि फुले गणेश पर्पल. मुळं वरवर असतात, म्हणून पाणी थोडं थोडं पण सारखं लागतं, आणि गादीवाफ्यावर पाणी साचलं की संध्याकाळी उभं असलेलं झाड सकाळी मान टाकतं. बाजारात अष्टर जुडीनं जातो. उरलासुरला सुट्टा पुडीत.

शेवंतीनं मला जे शिकवलं ते मी कुठल्याच शिबिरात ऐकलं नव्हतं. रानाच्या कडेनं रस्ता जातो, तिथं त्या वर्षी नवीन दिव्याचा खांब आला. सगळ्या सऱ्यांना कळी धरली, खांबाखालच्या सरीला नाही. हिरवीगार, उंच, आणि एक कळी नाही. मी खत कमी-जास्त केलं, जीवामृत ओतलं, निंबोळी अर्क मारला. शेवटी कळलं की शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. दिवस लहान होत गेले की ती समजते. आमच्या त्या सरीला रात्र होतच नव्हती! ऐन दिवाळीत तो दिवा गेला. दुरुस्त व्हायला वेळ लागला, आणि आठ आठवड्यांनी, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, २६ डिसेंबरला, ती सरी फुलली. बाकीची शेवंती तेव्हा संपत आली होती. त्या एका सरीचे इतके पैसे झाले की भाऊजी आता खांबाकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

पुडी हळूहळू वाढली. आज अठ्ठावन्न घरं आहेत, महिन्याला तीनशे रुपये. पुडी जाऊबाई बांधतात आणि तिचे पैसे त्यांच्याच खात्यावर जातात. हे आत्यांनी ठरवलं, आम्हा कुणाला विचारलं नाही. वार बघून पुडी बदलते. सोमवारी पांढरं फूल आणि बेल. मंगळवारी जास्वंद आणि दूर्वा. गुरुवारी पिवळं, नारायणपूरच्या दत्ताला जाणारी दोन-तीन घरं त्या दिवशी हारही सांगतात. शुक्रवारी देवीला वासाचं काहीतरी, शनिवारी मारुतीला रुईची पानं. जास्वंदीची कळी आदल्या संध्याकाळीच खुडून ठेवायची, सकाळपर्यंत आपोआप उमलते. ही युक्ती आत्यांची. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण फार येतो, म्हणून बांधावरच्या चाळीस झाडांपैकी आठवड्याला दोन-चार तरी फांद्या छाटाव्या लागतात. पुडी पळसाच्या नाहीतर केळीच्या पानात, वर केळीच्या सोपटाचा दोरा. आधी नायलॉनचा दोरा होता. तो का बदलला, ते निर्माल्यानं सांगितलं.

रविवारी ह्यांनी निर्माल्य परत आणायला सुरुवात केली. कल्पना माझी, मनात होतं की फुलं जिथून गेली तिथंच परत यावीत, शेणासोबत खड्ड्यात कुजवावीत आणि झाडाला घालावीत. खत चांगलं होतं, तीन-साडेतीन महिन्यांत काळं, भुसभुशीत. पण निर्माल्य म्हणून लोक काय काय देतात! अगरबत्तीचे पुडे, कापराच्या डब्या, राख्या, तडा गेलेली देवाची तसबीर, जरीचा हार, एकदा लग्नपत्रिकांचा गठ्ठा, एकदा चांदीचं जोडवं. जोडवं परत नेऊन दिलं, तर त्या काकूंना ते हरवल्याचंच माहीत नव्हतं. नायलॉनचे दोरे मात्र खतातून निघून पॉवर टिलरच्या पात्यांना असे गुंडाळले की भाऊजींनी अर्धा दिवस ब्लेड घेऊन कापले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच केळीचं सोपट सोलायला बसले.

तक्रारीही असतात. पुडीत मुंगी निघाली, कुत्र्यानं ओढली, आज लाल फूल का नाही. एका घरी सतत पुडी गायब व्हायची; शेजारच्यांची शेळी निघाली. महिन्याचे पैसे पंधरा तारखेपर्यंत येत राहतात आणि मागायला मला अजून संकोच वाटतो. जाऊबाईंना वाटत नाही.

औषधं आम्ही पूर्ण सोडली असं म्हणणार नाही. फुलकिड्याला निळे चिकट सापळे, निंबोळी अर्क, कंदाला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, यावर बहुतेक भागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कोळी झेंडूवर जाळी विणायला लागतो तेव्हा नाही भागत. तेव्हा आता आम्ही उन्हाळी झेंडूच लावत नाही. तसंही विहिरीला तेव्हा पाणी नसतं.

पैशाचं खरं सांगायचं तर फुलांवर सगळं घर चालत नाही. हे पुन्हा कंपनीत जातात, दुसऱ्या पाळीला. सकाळी पुडी, दुपारी पंचिंग. पुडी, गुलछडी आणि जुड्या मिळून वर्षभर दर आठवड्याला हातात काहीतरी येतं, ही मोठी गोष्ट. पण घरच्या माणसांची मजुरी मी वहीत धरायला लागले तेव्हा मामा म्हणाले, “ते नको लिहू. वाचून हातपाय गळतील.” मी लिहिते. जाऊबाई आणि मी पहाटे साडेचारपासून राबतो, ते कुठंतरी दिसायला हवं.

२०२५ नं तर सगळ्यांचीच परीक्षा घेतली. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि दहा गुंठ्यांतला खालचा कोपरा पाण्याखाली बसला. तिथले कंद सडले, दाबले की बोट आत जायचं. दसरा २ ऑक्टोबरचा, आणि सप्टेंबरच्या शेवटी पावसानं झोडपलं. भिजलेला झेंडू क्रेटमध्ये आतून गरम होतो आणि पुण्याला पोचेपर्यंत काळा पडतो. आमचा फक्त आठ गुंठे होता. आम्ही तो ओसरीत, माळ्यावर, पोरांच्या कॉटखाली, मिळेल तिथं पोत्यांवर पसरून पंख्यानं वाळवला. पोरं दोन दिवस नाक धरून अभ्यास करत होती. निम्मा वाचला. पुडी एक दिवसही चुकली नाही. एका सकाळी ओढ्याला पाणी होतं, तेव्हा हे लांबच्या रस्त्यानं गेले आणि साडेआठला पोचले. देवांनी तेवढा वेळ थांबायला हरकत घेतली नाही, काकूंनी घेतली.

या जानेवारीत नवीन कॅलेंडर भिंतीला लागलं तेव्हा पहिल्यांदा मी मागून मोजायला बसले. यंदा परत धोंडा आहे, अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. दसरा २० ऑक्टोबरला, घटस्थापना ११ ला. अकरामधून पंचावन्न दिवस वजा. बोटं मोजून, मग मोबाइलवर, मग परत बोटं मोजून मी वहीत लिहिलं: “झेंडू, आठ गुंठे, लागण १७ ऑगस्ट.” यावेळी रेघा ओढल्या नाहीत. वही मामांपुढं धरली. त्यांनी चष्मा लावला, कॅलेंडरची पानं उलटली आणि ऑगस्टवर बोट ठेवलं.

“सतराला नागपंचमी हाय. त्या दिवशी रानात कुदळ लावायची न्हाई.”

मी सातावर रेघ मारून आठ केला.